बॉनेटवरचा शोभेचा स्कूप उघडून इंजिनाला थंड हवा देता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीच्या बॉनेटवर नुसता शोभेचा स्कूप (हवा आत घेणाऱ्या तोंडासारखा उंचवटा) आहे, तो उघडून खालचा पत्रा कापला तर इंजिनाला थंड हवा मिळून ताकद आणि ॲव्हरेज वाढेल का?

ताकद वाढली तर थोडी वाढेल, ॲव्हरेज नाही. आणि पत्रा कापणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मी आधी पत्रा कापला आणि मग हे शिकलो.

माझ्याकडे 1.3 लिटरची जुनी, कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी होती. गोल एअर फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर आणि त्याची सोंड (हवा ओढायची नळी) एक्झॉस्टकडे वळलेली, म्हणजे इंजिन श्वास घ्यायचं तेच भट्टीशेजारून. नाना पेठेतून फायबरचा स्कूप आणला, डेंटिंगवाल्याकडून बॉनेटला भोक पाडून घेतलं आणि हायवेला लागलो. गाडी भन्नाट पळतेय असं मला वाटलं. शेजारी बसलेल्या मामेभावालाही वाटलं, कारण तसं वाटायला हवं हे मी त्याला घरूनच सांगून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी माशांच्या टाकीत लावतात तो वायरवाला थर्मामीटर फिल्टरच्या डब्यात सोडून मोजलं. बाहेर 35 अंश. भोक नव्हतं तेव्हा हायवेवर डब्यात 47 यायचे, आता 46. एवढा खटाटोप एका अंशासाठी!

कारण साधं होतं. स्कूपमधून आलेली हवा बॉनेटखालच्या गरम हवेत मिसळत होती आणि फिल्टर आपला पूर्वीसारखाच ती मिसळ पीत होता. मग फिल्टरभोवती पातळ ॲल्युमिनियमची परात करून बसवली, तिच्या काठाला पाणी न शोषणारा जाड फोम लावला आणि बॉनेट बंद केलं की तो फोम स्कूपच्या तोंडाभोवती दाबून बसेल असं केलं. जुनी सोंड बंद केली. त्याच रस्त्यावर डब्यात 38 अंश आले. ट्रॅफिकमध्ये मात्र पन्नाशीजवळच, कारण गाडी उभी असली की बॉनेटखालची सगळी उष्णता वर चढते आणि परातही तापते.

फोमच का, कडक पाइप का नाही? इंजिन माउंटिंगवर हलतं आणि बॉनेट हलत नाही. दोघांना कडक जोडलंत तर काहीतरी तडकणारच. अमेरिकेत 1969 च्या मस्टँग मॅक 1 वर यावर वेगळाच तोडगा होता: स्कूप थेट इंजिनावर बसवलेला आणि बॉनेटच्या भोकातून वर आलेला. इंजिन रेस केलं की स्कूप थरथरायचा, म्हणून त्याचं नाव ‘शेकर’.

आता 47 वरून 38 वर आल्याने मिळालं काय? हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते. 273 मिळवा: 320 भागिले 311, म्हणजे सुमारे 3 टक्के दाट हवा. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर जवळपास तेवढीच जास्त ताकद. 65 हॉर्सपॉवरच्या गाडीत दोन. घाटात ओव्हरटेक करताना जाणवले असं मी म्हणेन, पण पैज लावणार नाही.

ॲव्हरेज का वाढत नाही? रोजच्या चालवण्यात आपण थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) अर्धवट बंद ठेवून इंजिनाला मुद्दामच कमी हवा देत असतो. दाट हवा आली तर पाय आणखी थोडा उचलायचा, एवढंच. तोच वेग, जवळपास तेवढंच पेट्रोल.

‘वाऱ्याच्या दाबाने हवा इंजिनात घुसते’ हेही तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. 100 च्या स्पीडला समोरच्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. 200 ला जेमतेम दोन टक्के. तेव्हा स्कूपचा फायदा आहे तो थंडाव्याचा, वाऱ्याचा नाही. म्हणूनच मोठं तोंड करण्यातही अर्थ नाही. माझं 1.3 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला साधारण 55 लिटर हवा ओढतं. 100 च्या स्पीडला तेवढ्या हवेला 20 चौरस सेंटिमीटर पुरतात, आगपेटीहून जरासं मोठं भोक. कमी वेगासाठी दुप्पट-तिप्पट धरा. त्यापुढचं सगळं दिसण्यासाठी.

जागा मात्र महत्त्वाची. बॉनेटला घासून जाणारी हवा मंद असते, म्हणून चपटा स्कूप फारसं काही पकडत नाही. शिवाय बॉनेटच्या पुढच्या वळणावर दाब कमी असतो आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी जास्त. 1970 च्या शेवरले शेवेलमध्ये म्हणूनच बॉनेटवरची झडप काचेच्या बाजूला उघडायची. पाँटिॲक ट्रान्स ॲमचा शेकरही मागे तोंड करून असे. गंमत म्हणजे 1973 पासून आवाजाच्या नियमांमुळे कंपनीनेच त्याचं तोंड बंद केलं आणि तिथले हौशी लोक त्यानंतरच्या मॉडेलांचे स्कूप घरी कापून उघडतात. तुमचाच प्रश्न, फक्त पन्नास वर्षं जुना.

मागे तोंड असण्याचा आणखी एक फायदा मला ताम्हिणीत जुलैमध्ये कळला. माझ्या पुढे तोंड केलेल्या स्कूपमधून पाणी थेट परातीत येत होतं. फिल्टर चिंब झाला, इंजिन आचके देऊ लागलं, आणि मी रस्त्याच्या कडेला स्कूपच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबून जुनी सोंड मोकळी केली. नशीब चांगलं. पाणी सिलिंडरपर्यंत गेलं असतं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन खोलायची पाळी येते. नंतर परातीच्या सगळ्यात खोल जागी दोन भोकं पाडली आणि पावसाळ्यापुरतं झाकण केलं.

तुमची गाडी गेल्या पंधरा-वीस वर्षांतली असेल तर आधी बॉनेट उघडून एअर फिल्टरची सोंड कुठे जाते ते बघा. बहुतेक वेळा ती ग्रिलच्या मागून किंवा हेडलाइटच्या वरून बाहेरचीच हवा घेत असते. तसं असेल तर स्कूपने मिळवण्यासारखं काही उरत नाही. आणि गाडी पहिल्या पिढीची 3.0 लिटरची फॉर्च्युनर असेल तर हात लावू नका. तिचा स्कूप शोभेचा नाही. इंजिनावरच्या इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला, वारा घालायला आहे. ती हवा फिल्टरकडे वळवलीत तर उलट नुकसान.

कायद्याचं आधी सांगायला हवं होतं, पण राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनासारखे फेरफार करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि इन्शुरन्सवाल्यांशी वाद होईल तो वेगळाच. कारखान्यातून आलेलं बॉनेट कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

सध्या एवढंच करा: वायरवाला थर्मामीटर फिल्टरच्या डब्यात सोडा, दुपारी अर्धा तास हायवेला चालवा आणि बाहेरच्या तापमानाशी ताडून बघा. फरक पाच अंशांच्या आत असेल तर कटर परत ठेवून द्या. पंधराच्या वर असेल तर गाडीचं मॉडेल आणि फिल्टरचा फोटो इथे टाका, फोम कुठून कसा फिरवायचा ते सांगतो.