छोट्या ट्रॅक्टरला घरचा लोडर : आधी मागचं वजन, मग पुढची बकेट

या हंगामात कार्यालयात आलेल्या प्रश्नांत औषधांच्या खालोखाल विचारणा झाली ती लोडरची, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवून माल उचलणाऱ्या बकेटची. शेणखताची ट्रॉली भरायला माणसं मिळत नाहीत. जेसीबी तासावर बोलवायचा तर परवडत नाही, आणि द्राक्षाच्या दोन ओळींत तो शिरतही नाही. अशा वेळी १८ ते २७ एचपीच्या ट्रॅक्टरला गावच्याच वर्कशॉपमध्ये लोडर बनवून घ्यावा, हा विचार चुकीचा नाही. मी स्वतः असे पंधरा-वीस लोडर शेतात चालताना पाहिले आहेत. त्यांतले चांगले चालणारे सगळे लहान होते. जे बिघडले ते सगळे विकणाऱ्याच्या सल्ल्याने मोठे केलेले.

प्रश्न : माझा २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. लोडर बनवणारा म्हणतो, अर्धा टन उचलेल असा करून देतो. करू का?

उत्तर : नको. जॅक (तेलाच्या दाबाने ढकलणारा सिलिंडर) अर्धा टन उचलेलही, पण ट्रॅक्टर तो पेलणार नाही.

कागद-पेन घ्या. तुमच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण ९०० किलो, पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर दीड मीटर. बकेटचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर नाही तरी एक मीटर दहा सेंटिमीटर पुढे येतोच. तिथे २०० किलो माल ठेवला की पुढच्या ॲक्सलवर २०० नाही, जवळजवळ ३५० किलो वाढतात, आणि मागच्या चाकांवरून दीडशे किलो उचलले जातात. वरचे दीडशे आले ते मागून. पाळण्यासारखंच आहे, एक बाजू खाली तर दुसरी वर. आता २०० च्या जागी ५०० टाका. मागून ३६७ किलो जातात. लोडरचं स्वतःचं वजन धरलं तर मागची चाकं जमिनीला नुसती टेकलेली राहतात, दाब काही नाही.

आणि बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते फक्त मागच्या चाकांना. मागं वजन नसेल तर उतारावर ब्रेक दाबूनही चाक जागच्या जागी घसरतं आणि ट्रॅक्टर पुढेच जातो. ज्यांची बाग टेकाडावर आहे त्यांनी हे वाक्य परत वाचावं. भरलेली बकेट घेऊन उतार उतरायचा तो रिव्हर्समध्ये, बकेट चढाच्या बाजूला आणि जमिनीपासून वीतभर वर. डोक्याइतकी उचलून मिरवत नाही.

म्हणून २०-२५ एचपीला २०० किलो ही मर्यादा धरा. बकेट चार फूट रुंद, दीडशे लिटर मापाची. कुजलेल्या शेणखताने ती भरली तर शंभर किलोच्या आसपास भरते. तीच बकेट ओल्या मुरमाने किंवा तळ्याच्या गाळाने भरली की अडीचशेच्या पुढे जाते. एकाच बकेटमध्ये अडीचपट फरक, आणि लोडर विकणारा कधी विचारत नाही की तुम्ही त्यात भरणार काय. तळ्याचा गाळ उन्हाळ्यात वाळल्यावर, तोही अर्धीच बकेट भरून उचला. ओला गाळ बकेटला चिकटून बसतो. पालथी केली तरी पडत नाही, आणि मग ड्रायव्हर ती आपटून-आपटून झाडतो. पिना तिथेच जातात.

पत्र्याचीही तीच गोष्ट. पाच एमएमच्या पत्र्याची चार फुटी बकेट ऐंशी किलोच्या आत बसते. 'मजबूत करतो' म्हणून आठ एमएम लावला की ती सव्वाशेवर जाते. वरचे पंचेचाळीस किलो तुम्ही दिवसभर रिकामेच उचलणार. फवारणीत मात्रा दुप्पट केली म्हणून कीड दुप्पट मरत नाही, पान मात्र जळतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. लोखंडाचंही तसंच आहे. जाडी हवी ती फक्त कडेला. पात्याच्या जागी बारा एमएमची कडक पट्टी लावा, आणि ती बोल्टने बसवा म्हणजे झिजल्यावर बदलता येते.

आता ज्याच्याशिवाय मी कुणालाही लोडर करू नका म्हणतो ती गोष्ट : मागचं वजन. लोडर नंतर, हे आधी. दोनशे लिटरचा जुना ड्रम घ्या. तळापासून वीतभर वर आरपार भोक पाडून त्यातून जाड गज घाला. त्याची दोन्ही टोकं लेथवर सात सुतांची (७/८ इंच) करून घ्या, म्हणजे खालच्या लिंका (मागच्या लिफ्टचे दोन हात) थेट बसतात. घालण्याआधी तुमच्या लिंकांमधलं अंतर टेपने मोजा. वरच्या लिंकसाठी दोन जाड पट्ट्या गजाला वेल्ड करून वर काढा. मग अर्धा ड्रम काँक्रीट भरा. एका गोणी सिमेंटमध्ये काम होतं, आणि अडीचशे किलोच्या जवळ वजन मिळतं. पंधरा दिवस पाणी मारा. हा ठोकळा मागच्या ॲक्सलच्या पाऊण मीटर मागे लटकला की मागच्या चाकांवर ३७५ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरून सव्वाशे उतरतात. इतक्या स्वस्तात लोडरचं दुसरं कुठलंच काम होत नाही. टायरमध्ये पाणी भरणंही चांगलं, पण त्याने पुढच्या ॲक्सलचा भार कमी होत नाही. ठोकळा ॲक्सलच्या मागे लटकतो म्हणून होतो.

विश्वास बसत नसेल तर उसाच्या किंवा भुसाराच्या काट्यावर जा. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. एकदा रिकामी बकेट, एकदा भरलेली, एकदा ठोकळ्यासह. पावती घेऊन लोडर विकणाऱ्याला दाखवा.

प्रश्न : लोडरची फ्रेम इंजिनच्या बाजूच्या भोकांना बोल्ट करून बसवायची असं सांगतात. एका दिवसात होतं म्हणे.

उत्तर : एका दिवसात होतं आणि एका हंगामात मोडतं. छोट्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स ही बीडाची (ओतीव लोखंडाची) खोकी एकमेकांना बोल्टने जोडलेली, तोच त्याचा कणा. लोडरने ढिगात धडक मारली की सगळा जोर या कण्यावर येतो. फ्रेम पुढच्या अर्ध्यातच अडकवलेली असेल तर तो क्लच हाउसिंगपाशी वाकायला बघतो. बीड वाकत नाही, तडकतं.

मागच्या वर्षी एका डाळिंब बागेत असा ट्रॅक्टर पाहिला. मालक म्हणाला, तेल कुठून गळतंय कळत नाही. चिंधीने पुसलं तर क्लच हाउसिंगच्या खालच्या बोल्टापासून केसासारखी भेग वर गेलेली. बीडाला वेल्डिंग करून देतो असं सांगणारा तिथे उभाच होता. मी म्हटलं, आता ट्रॅक्टर दोन भागांत उघडा आणि हाउसिंग बदला.

फ्रेम पुढच्या बंपरच्या ब्रॅकेटपासून दोन्ही बाजूंनी थेट मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगपर्यंत न्यायची. मधे लोडरचे हात पेलणारा खांब उभा करायचा तिथे तिला आधार, पण जोर मागे गेला पाहिजे. सगळं बोल्टने, ८.८ ग्रेडच्या. ट्रॅक्टरच्या कुठल्याही मूळ भागाला वेल्डिंग नाही. एक म्हणजे बीडाला ते धरत नाही. दुसरं, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाहनात केलेल्या कायमच्या बदलाला आडवं येतं, आणि विमा कंपनीला नकार द्यायला एवढं कारण पुरतं. चार बोल्ट आणि दोन पिना काढल्या की लोडर उतरला पाहिजे. पेरणीला, फवारणीला तो उतरवूनच ठेवायचा. वर्षभर लोडर अंगावर घेऊन फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे किंगपिन आणि स्टब ॲक्सल मी सैल झालेलेच पाहिले आहेत.

ट्रॅक्टरजवळ वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीची वायर सोडा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या शेजारीच लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

लोडरचे दोन्ही हात मात्र वेल्डिंगवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. दोन्ही एकावर एक ठेवून टाके मारायचे आणि पिनांची भोकं एकदमच पाडून घ्यायची. चार एमएमचा फरक पडला तरी बकेट एका कुशीवर बसते आणि सगळा भार एकाच जॅकवर जातो. दोन हातांमध्ये जाड पाइपचा आडवा जोड हवाच. तो नसेल तर बकेटचा एक कोपरा दगडाला लागला की हात पिळतात.

प्रश्न : ट्रॉलीचा जुना जॅक पडून आहे, तो चालेल का? आणि पंपाचं प्रेशर वाढवून घेतलं तर?

उत्तर : ट्रॉलीचा जॅक नाही. तो एकाच बाजूने ढकलतो, परत येतो तो ट्रॉलीच्या वजनाने. बकेट वळवायला दोन्ही बाजूंनी जोर देणारा जॅक लागतो. भंगारातला घ्यायचाच असेल तर उघडून धुऊन घ्या, कारण बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. जॅकमधली रेती गिअरमध्ये जाते.

पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हचा (प्रेशर मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळायचा नाही. कुणी आवळायचा नाही. 'दोन आटे देतो, बघा कसा उचलतो' म्हणणाऱ्याला ट्रॅक्टरजवळ उभं करू नका. पुस्तकात लिहिलेलं प्रेशर तेवढंच. आणि त्याची गरज तरी कुठे आहे? ५० एमएम बोअरचा (आतल्या व्यासाचा) एक जॅक १५० बारला तीन टन जोर लावतो. दोन मिळून सहा. हाताच्या लांबीमुळे त्यातला सहावा-सातवा हिस्सा बकेटपाशी पोचतो, तरी आपल्या २०० किलोच्या कितीतरी पुढे. मग ६३ चा जॅक कशाला? त्याने एकच होतं. पंप मिनिटाला १५ लिटर तेल देत असेल, तर ५० चे दोन जॅक आठ सेकंदांत वर जातात, ६३ च्यांना बारा-तेरा लागतात.

व्हॉल्व्ह दोन दांड्यांचा घ्या. तेल पंपातून व्हॉल्व्हमध्ये आणि तिथून पुढे ट्रॅक्टरच्या लिफ्टला गेलं पाहिजे. त्यासाठी व्हॉल्व्हला वेगळं तोंड असतं, त्याला पॉवर बियॉन्ड म्हणतात. ते दुकानदाराकडे आवर्जून मागा. बरेच जण मधे टी मारून मोकळे होतात. मग लोडर चालतो पण मागची लिफ्ट उठत नाही आणि दुपारपर्यंत तेल हात लागू देत नाही इतकं तापतं. मागची लिफ्टच उठली नाही तर आपला ठोकळा कोण उचलणार?

होज दुहेरी जाळीचाच. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. प्रेशरचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, जखम दिसते टाचणीएवढी, आणि उशीर केला तर बोट काढावं लागतं. असं झालं तर हळद लावत बसू नका, तासाभरात शस्त्रक्रिया होईल अशा दवाखान्यात जा. उचललेल्या हाताखाली काम करायचं तर आधी लोखंडी टेकू.

प्रश्न : माझा १७ एचपीचा टू व्हील आहे. द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीआधी शेणखत टाकायचंय, तोवर लोडर होईल का?

उत्तर : तुम्ही पुढचा लोडर करूच नका. टू व्हीलचा पुढचा ॲक्सल हा भार घेण्यासाठी केलेला नाही. मागच्या तीन लिंकांना बसणारा पत्र्याचा खोका करून घ्या, मागे लीव्हरने पालथा होणारा. तुमची मागची लिफ्ट कंपनीतूनच सातशे-साडेसातशे किलोची असते. त्यात ३०० भरा, पुढे बंपरला वजनं लावा. रिव्हर्समध्ये ढिगात घालावा लागतो, मान दुखते, पण ट्रॅक्टर राहतो.

आणि कुठलाही लोडर मार्चमध्ये बनवायला टाकू नका. तेव्हा वर्कशॉपमध्ये ट्रॉल्यांची रांग असते, तुमचं काम पोरांच्या हाती जातं, आणि आठ दिवस रिकामं चालवून बघायला वेळ उरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये टाका. पोळ्यापर्यंत होतो, ऑक्टोबर छाटणीच्या खताला वापरता येतो. ट्रॅक्टरची वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा.

प्रश्न : अनुदान मिळेल का?

उत्तर : घरी बनवलेल्याला नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानात शासनमान्य संस्थेचा तपासणी अहवाल असलेलीच अवजारं बसतात. अशा अवजारांना महाडीबीटीवर (शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज, ४० टक्के, आणि अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५०, दोन्हींना कमाल मर्यादा आहे. पूर्वसंमतीआधी घेतलेलं बिल चालत नाही. 'बिल मी बसवून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, सही तुमची असते.

प्रश्न : बकेटमध्ये मजुराला उभं करून मांडवाच्या तारा बांधता येतील ना?

उत्तर : नाही. होज फुटला की बकेट थांबत नाही, आणि चुकून दांडी ढकलली तर ती पालथी होते. तारांना शिडी वापरा.