युमिंग ऐकायला सुरुवात कुठून करायची?

जपानी प्रेमगीतं ऐकायची आहेत ना, मग युमी मात्सुतोयांपासून सुरुवात करा. जपानमध्ये त्यांना सगळे 'युमिंग' म्हणतात. निवडक गाण्यांचा संग्रह आधी लावू नका. १९७४चा 'मिसलिम' अल्बम अख्खा ऐका. तेव्हा त्या लग्नाआधीच्या नावानं, युमी आराई म्हणून गात होत्या.

त्यातलं 'उमि ओ मितेइता गोगो' माझं सगळ्यात लाडकं. योकोहामाच्या टेकडीवर 'डॉल्फिन' नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथे एक मुलगी एकटीच बसलीय आणि समोरच्या सोडावॉटरमधून मालवाहू जहाज सरकताना दिसतंय. दुरावताना प्रियकरासमोर मनसोक्त रडले असते, तर आज आम्ही दोघं इथे समुद्र बघत असतो, असं तिला वाटतं. दुःख एवढ्या संयमानं मांडणारं प्रेमगीत मी क्वचितच ऐकलंय. शब्दांचा अर्थ आधी वाचू नका. दोनतीनदा नुसती चाल ऐका, मग अर्थ बघा.

नंतर १९७६चं 'चूओ फ्रीवे'. टोकियोबाहेर जाणारा हमरस्ता, उजवीकडे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, डावीकडे बिअरचा कारखाना. 'माझं प्रेम आहे' म्हटलं तरी वाऱ्यात ऐकू जात नाही! प्रेमगीतात इतका खरा रस्ता आणायला धाडस लागतं.

'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' हा जपानी ॲनिमेशनपट पाहिला असेल, तर 'रूज नो देन्गोन' तुमच्या कानावरून गेलंय. चाल नाचरी, पण गाण्यातली बाई नवऱ्याच्या बाहेरच्या भानगडीची तक्रार घेऊन आगगाडीनं सासूकडे निघालीय.

नव्वदच्या दशकातली गाणी सध्या राहू द्या. 'हारु यो, कोइ' तेवढं वसंतात ऐका.