तुमचे प्रश्न: बाबांच्या ओव्या आणि क्वायरचं गाणं

प्रश्न: ताई, मी तासगावजवळच्या गावातली, सांगलीत संगीत शिकतेय. आमचे बाबा आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत धनगरी ओव्या म्हणतात. मला कॉलेजातल्या मुलींसाठी स्वतः गाणं रचायचंय, सगळ्यांनी एकच चाल म्हणायची असं नाही, वेगवेगळे आवाज पायजेत. एक सर म्हणाले हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर म्हणणं, आपली नव्हेच, दुसरे म्हणाले ओव्या-बिव्या क्वायरला, म्हणजे गाणाऱ्यांच्या समूहाला, शोभत नाहीत, आधी पियानो शीक. पियानो सोडा, घरात पेटी पण नाही. काय करू?

उत्तर: अगं, दोघांपुढं मान हलव आणि घरी जाऊन लिहायला बस. क्वायर म्हणजे कोट घातलेली चर्चमधली मंडळी असं आपल्या डोक्यात बसलंय, पण तुझ्याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी 1944 ला शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, शाहिराच्या मागं ओळ उचलणारे झीलकरी उभे असतात ते काय वेगळं असतं सांग बघू? आणि संगीतकार सलील चौधरींनी 1958 मध्ये मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर सुरू केला तेव्हा लोकसंगीत आणि अनेक आवाजांची मांडणी एकत्रच आणली होती. आत्ताचं बघायचं तर लॉस एंजेलिसची रीना इस्माइल घे, भारतीय वंशाची कंपोझर, तिनं 'तारेकिटा' नावाची छोटी रचना केली, शब्द म्हणशील तर नुसते तबल्याचे बोल, आणि ती लिहिली कुणासाठी, तर बेघर असलेल्या किंवा कधीकाळी बेघर राहिलेल्या लोकांच्या क्वायरसाठी. समोर जी माणसं आहेत त्यांच्या तोंडात बसेल असंच तिनं लिहिलं. तू पण तेच कर.

आता कामाचं. बाबांना गायला लाव आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. मग बघ, झील धरणारे ओळ उचलतात आणि मुख्य गाणारा परत सुरू झाला की गप्प होतात. तुझ्या गाण्यात त्यांना गप्प करूच नकोस, शेवटचा सूर तसाच धरून ठेवायला सांग आणि त्याच्यावर पुढची ओळ चढू दे, झाले की दोन आवाज! तिसऱ्या गटाला ढोलाचा ठेका तोंडानं दे. चौथा गट सा-प धरेल, अर्थात मुली कमी असतील तर चौथा नको, तीन आवाज नीट वाजलेले बरे, चार रडके काय कामाचे.

कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची, भीती वाटत असेल तर सुरुवात भूप रागात कर. सा रे ग प ध, पाचही सुरांत कुठं अर्ध्या सुराचं अंतर नाही, त्यामुळं एका गटानं ओळ सुरू केली आणि दुसरा चार मात्रा मागून तीच ओळ घेऊन आला तरी कोणते पण दोन सूर एकावर एक पडले तरी कानाला बोचत नाहीत. दुर्गा पण चालेल. भैरव मात्र लगेच नको, तिथं सा आणि कोमल रे एकत्र आले की चांगलंच घासतं, ते मुद्दाम हवं असेल तेव्हा वापर. लिहून ठेवायला सरगम आणि मात्रांच्या खुणा पुष्कळ झाल्या, मिरजेत शिकलेल्या गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वतःची लिपीच तयार केली होती की. बाहेरगावच्या क्वायरला पाठवायचं ठरलं तर म्युझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेव्हा पाश्चात्त्य नोटेशन शीक. आणि हो, कागदावर बाबांचं नाव पण घाल, चाल त्यांच्याकडून आलीय.

प्रश्न: साताऱ्यात हायस्कूलला संगीत शिकवतो. मुलींची पट्टी (पेटीवरची) काळी चार, मुलांची काळी एक, आणि आठवी-नववीच्या पोरांचे आवाज फुटलेले. एकत्र गाणं बसतच नाही. पोरांना नुसतं टाळ्या वाजवायला उभं करू का?

उत्तर: नका हो सर, पोरं कायमची गाणं सोडतील! काळी एकला सा धरला तर त्याचा पंचम म्हणजेच काळी चार, ही तर तुमच्या हातात आयती आलेली गोष्ट आहे. पोरांनी काळी एकवर ओळ म्हणायची आणि मुलींनी तीच ओळ काळी चारवरून उत्तरासारखी म्हणायची, कुणाला ताणायला नको. ओळ भूपची असेल तर मुलींच्या तोंडून पोरांच्या हिशेबानं शुद्ध निषाद येईल, गाण्याला छान वळण मिळतं त्यानं. ज्यांचा आवाज आत्ताच फुटतोय त्यांच्यासाठी खालच्या चार-पाच सुरांतली वेगळी ओळ लिहा, आणि दर महिन्याला त्यांचा आवाज परत ऐका कारण जूनमध्ये लागणारा सूर दिवाळीनंतर लागेलच असं नाही.

प्रश्न: कराडहून विचारतेय. आमच्या महिला मंडळासाठी मी जुन्या कवितांना चाली लावते. परवानगी लागते का?

उत्तर: कवी वारले त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो, नंतर कविता सगळ्यांची. म्हणजे 1918 ला गेलेले बालकवी बिनधास्त घ्या, संतांचे अभंग तर आहेतच. पण अभंग मोकळा म्हणून त्याची रेडिओवर गाजलेली चाल मोकळी असं नसतं बरं का, ती संगीतकाराची, चाल तुमची स्वतःची लावा. अलीकडच्या कवीची कविता असेल तर कवीला किंवा घरच्यांना विचारून लेखी होकार घ्या, व्हॉट्सॲपवरचा 'हो चालेल' आधी वाचून मग ईमेलवर पण मागून घ्या.