शोभेचा प्लम नागपुरात फुलेल का?

जांभळ्या पानांच्या शोभेच्या प्लमचं कलम तुम्ही हिमाचलमधून मागवलंय आणि विचारताय, की नागपुरात ते फुलेल का, निगा कशी राखायची. झाड जगवता येईल. फुलांची आशा मात्र धरू नका.

सगळे मे महिन्याला भितात, पण खरी अडचण आपल्या हिवाळ्याची आहे. हा प्लम मूळचा थंड मुलखातला; इराणच्या शहाच्या पदरी असलेल्या पिसार नावाच्या फ्रेंच माळ्याने तो १८८० च्या सुमारास फ्रान्सला पाठवला. पानगळीनंतर सात अंशांखालची थंडी काही शे तास मिळाली, तरच त्याच्या कळ्या नीट फुटतात. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला तर त्याची बातमी झाली! एरवी रात्री दहा-बारा अंश आणि दुपारी चांगलं ऊन. संत्र्याला बहरासाठी पाणी तोडून ताण देतात, तसा देऊन बघा, असं कुणीतरी सांगेलच. पाणी तोडून थंडीची भरपाई होत नाही.

कलम आलंच आहे, तर काळ्या मातीत थेट लावू नका. पावसाळ्यात मुळं कुजतील. मोठी कुंडी घ्या, मातीत शेणखत आणि जाड रेती मिसळा. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल अशी जागा बघा. पूर्ण सावलीत पानं हिरवट पडतात, मग त्या झाडात उरलं काय? एप्रिलपासून वर हिरवी नेट, खोडाला चुना आणि आळ्यात पालापाचोळा, पण खोडाला न टेकवता.

बुंध्याजवळ कलमाचा सांधा जरा फुगीर दिसेल. त्याखालून सरळसोट, जोमदार फुटवे आले तर ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचे. लगेच खुडा, नाहीतर खुंटच वाढतो आणि कलम मागे पडतं. खोडावर मधाच्या रंगाचा डिंक दिसला तर औषध आणायच्या आधी कुंडीचं भोक बुजलंय का ते बघा. छाटणी कोरड्या हवेत करा, तीही वाळक्या फांद्यांपुरती.

पानं गळालेल्या फांद्यांवर गुलाबी बहरच हवा असेल तर गुलाबी टॅबेबुया लावा, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. मात्र तो मोठा होतो, कंपाउंडच्या भिंतीपासून लांब लावा. जागा कमी असेल तर गिरिपुष्प, म्हणजे बांधावरची उंदीरमारी. तिला कुणी शोभेत धरत नाही, पण फिकट गुलाबी फुलांनी फांद्या भरून जातात, आणि पावसाच्या तोंडावर जाड फांदी रोवली तरी लागते.