प्रकल्पातली जागा म्हणजे पीएचडीचा प्रवेश नव्हे

आपण विचारले आहे की, नाशिक सोडून जायचेच आहे तर पुण्यातील विद्यापीठाच्या एका प्रकल्पात निघालेल्या ‘जेआरएफ’च्या (कनिष्ठ संशोधन अध्येत्याच्या) जागेसाठी अर्ज करावा, की जर्मनीतील पीएचडीच्या ‘65 टक्के’ जागेसाठी. दोन्हीकडे करा, पण त्याआधी जाहिरातीतील ‘प्रकल्प संपेपर्यंत, निव्वळ तात्पुरती’ ही ओळ पुन्हा वाचा.

प्रकल्पात निवड होणे आणि पीएचडीला नोंदणी होणे या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागतात. त्यातच किमान 12 क्रेडिटचा कोर्सवर्कही, म्हणजे वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम, येतो. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचाच असतो, त्यामुळे नोंदणी जितकी लांबेल तितके महिने शेवटी विनावेतन काढावे लागतात. माझी नोंदणी रुजू झाल्यानंतर चौदा महिन्यांनी झाली. मानधन थांबले तेव्हा प्रबंधाची दोन प्रकरणे लिहायची होती, आणि ती मी गंगापूर रोडवरच्या खोलीचे भाडे भावाकडून उसने घेऊन लिहिली.

म्हणून प्राध्यापकांना आधी एवढेच विचारा की, आपल्याकडे पीएचडीची जागा रिकामी आहे का. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. प्रकल्पात पैसे असून मार्गदर्शकाकडे जागा नाही, असे सर्रास घडते. विचारायला संकोच वाटतो खरा, पण चांगले मार्गदर्शक या प्रश्नाने दुखावत नाहीत.

पैशांचे म्हणाल, तर 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन अध्येता) म्हणून 42,000 रुपये आहेत. घरभाडे भत्ता वेगळा. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला मिळेलच असे मात्र नाही, कारण अनुदानाचा हप्ता उशिरा आला की मानधनही अडकते. तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच रुजू व्हा.

जर्मनीतील ‘65 टक्के’ हा आकडा करारातील कामाच्या तासांचा आहे, आणि पगारही ई-13 या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीच्या तितक्याच हिश्श्याने मिळतो; प्रयोगशाळेत प्रत्यक्षात पूर्ण दिवस जातो, हे गृहीत धरा. तिथे आपण विद्यार्थी असण्याआधी कर्मचारी असता, म्हणून आरोग्य विमा आणि रजा करारातच येतात. मुलाखतीत मुदत किती आणि ती वाढण्याची शक्यता किती, हे स्पष्ट विचारा.

आपल्या दादांच्या पोस्टडॉकविषयी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेविषयी, थोडक्यात सांगतो. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपसाठी पीएचडी हातात हवी, पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून अधिक नको, आणि ज्या देशात जायचे तिथे गेल्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त वास्तव्य झालेले नको. यजमान प्राध्यापकांचा होकार मिळवून प्रस्ताव त्यांच्याबरोबर लिहावा लागतो, त्यामुळे दादांनी पत्रव्यवहार आत्ताच सुरू करावा.