कपातीचं आश्वासन देऊन मतं कशी मिळतात?

प्रश्न : अर्जेंटिनात २०२३ मध्ये लोक महागाईनं पिचलेले असताना हाविएर मिलेई 'सरकारी खर्च कापणार' असं सांगत अध्यक्ष झाले. अशा वेळी लोक मदत मागतात. मग कपात सांगणाऱ्याला मत का दिलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कपात कोणाची, हे मिलेईंनी आधीच ठरवून दिलं होतं. त्यांचा परवलीचा शब्द होता 'कास्ता', म्हणजे वर्षानुवर्षं सत्तेवर बसलेली पुढारी मंडळी. झळ त्यांना बसेल, तुम्हाला नाही, हा त्याचा अर्थ. सभेत ते झाडं तोडायची यांत्रिक करवत डोक्यावर धरत. तक्ते, टक्केवारी काही लागत नसे. खासदारकीचा पगार दर महिन्याला सोडत काढून कुणा एकाला देत, त्यामुळे 'हाही त्यातलाच' हा आरोप चिकटत नसे.

पेसोऐवजी डॉलर आणण्याची घोषणाही लोकांना समजावून सांगावी लागली नाही. तिथं घरची बचत डॉलरमध्येच असते, आणि समांतर बाजारातला 'ब्लू डॉलर' आज केवढ्याला, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

घसरले ते रेल्वेच्या तिकिटावर. ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीत मिलेई सुमारे ३० टक्के मतं घेऊन पहिले आले. पण २२ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीतही ते तिथंच अडकले आणि अर्थमंत्री सेर्जिओ मासा जवळपास ३७ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात रेल्वे स्टेशनांवरच्या पडद्यांवर भाडं झळकत होतं : मासा आले तर ५६.२३ पेसो, मिलेई आले, म्हणजे अनुदान गेलं, तर १,१००. करवत आपल्याही खिशावर चालणार, हे प्रवाशाला रांगेत उभ्या उभ्या कळलं. आव्हान देणाऱ्यानं अनुदानाबद्दल मोघम बोलून ठेवलं की त्या जागी आकडा सत्ताधारी भरतात.

प्रश्न : मग दुसऱ्या फेरीत काय बदललं? (तेच वाचक)

उत्तर : करवत मागे पडली, भाषा मवाळ झाली. सुमारे २४ टक्के मतं घेऊन तिसऱ्या आलेल्या पात्रिसिया बुलरिच यांनी पाठिंबा दिला. १२ नोव्हेंबरच्या वादसभेत मासांनी 'हो की नाही, एवढंच सांगा' म्हणत मिलेईंना कोंडीत पकडलं. वाद त्यांनी जिंकला, पण वर्षाची महागाई १४० टक्क्यांच्या वर गेली ती तेच अर्थमंत्री असताना. १९ नोव्हेंबरला मिलेईंना जवळपास ५६ टक्के मतं पडली.

१० डिसेंबरला शपथेनंतरच्या भाषणात ते म्हणाले, 'पैसे नाहीत.' दोनच दिवसांत सरकारनं डॉलरचा अधिकृत दर सुमारे ३६६ पेसोंवरून ८०० वर नेला. त्या एका महिन्यात भाव २५.५ टक्के चढले, आणि 'कास्ता'च्या नावावर मांडलेला खर्च किराण्याच्या बिलात आला.