डिझेल मुरलेल्या जमिनीत बॅक्टेरियाची पावडर टाकून भागतं का?

प्रश्न: आमच्या जागेवर पूर्वी गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. वर्षानुवर्षं डिझेल आणि जळकं ऑइल मुरून माती काळी पडलीये. तेल खाणाऱ्या बॅक्टेरियांची पावडर टाकली की जमीन साफ होते म्हणतात, खरंय का? एका कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्या फोडायचे, तिथलं शिसंही जाईल का?

उत्तर: शिशाचं आधी सांगून टाकतो, नाही जाणार. शिसं हे मूलद्रव्य आहे, त्याला कुठलाही जिवाणू तोडू शकत नाही, फार तर त्याचं रूप बदलेल पण ते मातीतच राहणार.

डिझेलचं मात्र वेगळं आहे. ते खाणारे बॅक्टेरिया खरंच असतात आणि गंमत म्हणजे तुमच्या मातीत ते बहुतेक आधीपासूनच आहेत, इतकी वर्षं तेलात राहून तगलेले. मग ते काम का करत नाहीयेत? कारण तेलात कार्बन भरपूर पण नायट्रोजन, फॉस्फरस जवळजवळ शून्य, म्हणजे नुसत्या भातावर पोरं वाढवण्यासारखं झालं. आणि हवा! एक किलो तेल पूर्ण संपवायला ढोबळमानाने तीन किलो ऑक्सिजन लागतो, गाड्यांखाली दबून टणक झालेल्या मातीत तो येणार कुठून? १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर मुख्यतः खतच टाकलं होतं, तिथल्याच बॅक्टेरियांना चालना द्यायला.

म्हणून पावडरीपेक्षा मशागत महत्त्वाची असं माझं मत. माती उकरून जाड प्लास्टिकवर पातळ थरात पसरायची, युरिया आणि फॉस्फेट बेताने (कार्बन १००, नायट्रोजन १०, फॉस्फरस १ हे प्रमाण बरेचदा धरतात), ओलावा ठेवायचा पण चिखल नाही, कारण चिखलात हवा संपते, आणि अधूनमधून पलटत राहायचं. डिझेलचे हलके घटक आधी उडतात नाहीतर खाल्ले जातात, त्यामुळे वास लवकर जातो आणि लोकांना वाटतं झालं काम. जळक्या ऑइलमधले जड घटक मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात, ते रेंगाळतात, कधी कधी काही भाग राहतोच. वासावर जाऊ नका, लॅबमध्ये एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मोजून घ्या, सुरुवातीला आणि मग दर काही आठवड्यांनी.

अजून एक, वर्कशॉपमध्ये पार्ट धुवायला ट्रायक्लोरोइथिलीनसारखं सॉल्व्हंट वापरत असतील तर तेही तपासा. त्याचं गणित उलटं, ते तोडणारे डिहॅलोकोकॉइडिस नावाचे जिवाणू हवा नसतानाच काम करतात, आणि योग्य जातीचे नसले तर गाडी मध्येच व्हिनाइल क्लोराइड या अर्धवट तुटलेल्या रसायनावर अडते, जे मूळ सॉल्व्हंटपेक्षाही घातक मानलं जातं आणि कॅन्सरकारक आहे. अशा ठिकाणी बाहेरून जिवाणू आणून सोडण्याला खरंच अर्थ असतो, पण ते काम तज्ञाचंच.

तेव्हा पावडरीचे पैसे तूर्त ठेवा आणि आधी मातीचे नमुने द्या, बॅटरीच्या कोपऱ्याचे वेगळे. त्या कोपऱ्यातली माती बाकीच्या ढिगात अजिबात मिसळू नका, नाहीतर आज एका कोपऱ्यात असलेलं शिसं सगळ्या जागेत पसरेल, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिथे लहान मुलांना खेळू देऊ नका.